आइसलँडला जाताना एक दिवस रिकामा ठेवा

विक नावाच्या गावात, गेस्टहाऊसच्या खिडकीशी बसून आम्ही चौघं एक अख्खा दिवस समोरच्या झेंड्याच्या खांबाकडे बघत होतो. खांब वाकत होता, सरळ होत होता, परत वाकत होता. पाऊस वरून नाही, आडवा येत होता. हवामान खात्याने नारिंगी इशारा दिला होता आणि मालकीणबाईंनी सकाळी चहा देतानाच सांगितलं होतं, ‘आज गाडी काढू नका.’ त्या दिवशी दुपारी आमचं हिमनदीवर चालायचं बुकिंग होतं आणि रात्रीचा मुक्काम पावणेतीनशे किलोमीटर पुढे, हप्न गावात. दोन्हीचे पैसे भरलेले होते आणि दोन्ही बुडाले.

चूक वाऱ्याची नव्हती, माझ्या एक्सेल शीटची होती. पुण्यात बसून मी सात दिवसांत अख्खा देश आणि सव्वीस ठिकाणं बसवली होती. एक दगड हलला आणि पुढची सगळी उतरंड कोसळली. त्यानंतर दीर-जावेसाठी आणि ऑफिसातल्या दोन घरांसाठी मी आइसलँडची आखणी करून दिली, ती वेगळ्या पद्धतीने. तीच इथे पायरीपायरीने लिहिते आहे.

पहिली पायरी: महिना ठरवा, बाकी सगळं त्यावर

आइसलँड आकाराने महाराष्ट्राच्या साधारण एक तृतीयांश आणि लोकसंख्या चार लाखांच्या आत. म्हणजे आपल्या कोल्हापूर शहरातसुद्धा त्याहून जास्त माणसं राहतात. देश एकच असला तरी जूनमधला आइसलँड आणि डिसेंबरमधला आइसलँड हे दोन वेगळे प्रवास आहेत. जूनमध्ये सूर्य जवळजवळ एकवीस तास वर असतो आणि उरलेल्या वेळातही काळोख होत नाही. डिसेंबरमध्ये जेमतेम चार-पाच तास उजेड.

आपल्याकडे सुट्ट्यांचं गणित शाळा ठरवते, म्हणून तसंच सांगते. मे महिन्याचा उत्तरार्ध हा मुलांच्या घरांसाठी सर्वांत सोयीचा: अठरा ते वीस तास उजेड, बर्फ वितळत असल्यामुळे धबधबे भरलेले, पफिन पक्षी कड्यांवर आलेले आणि जुलैइतकी गर्दी नाही. मात्र दोन गोष्टी मिळणार नाहीत. एक, अरोरा, म्हणजे रात्रीच्या आकाशात दिसणारा रंगीत प्रकाश, कारण आकाश काळंच होत नाही. दोन, मधला डोंगराळ प्रदेश, कारण तिथले रस्ते बहुधा जूनच्या मध्यानंतर उघडतात.

दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर अरोराची शक्यता चांगली. पण ऑक्टोबरअखेर दिवस साडेआठ तासांच्या आसपास असतो आणि नोव्हेंबरच्या मध्यावर साडेसहा. तेव्हा देशप्रदक्षिणेचा विचार सोडा आणि दक्षिण किनाऱ्यावर समाधान माना. ज्यांना शाळेचं बंधन नाही त्यांना मी डोळे झाकून सप्टेंबर सांगते: तेरा तासांचा दिवस, रस्ते उघडे आणि रात्री अरोरासाठी पुरेसा अंधार. आम्ही सप्टेंबरमध्येच गेलो होतो. वाऱ्याने गाठलं तरी महिना चुकला असं मी आजही म्हणणार नाही.

दुसरी पायरी: दिवस मोजा, मग ठिकाणं

देशाला वळसा घालणारा एक नंबरचा रस्ता, म्हणजे रिंग रोड, साधारण १,३२० किलोमीटर लांब आहे. तो १९७४ मध्ये पूर्ण झाला, त्याआधी दक्षिणेकडच्या वाळूच्या मैदानात नद्यांमुळे तुटक होता. आकडा बघून आपल्याला वाटतं, मुंबई ते दिल्ली तर आहे, तीन दिवसांत होईल. पण वेगमर्यादा डांबरी रस्त्यावर ताशी ९०, खडीच्या रस्त्यावर ८०, गावात ५०. शिवाय दर वीस मिनिटांनी कुणीतरी ‘थांब थांब, फोटो’ म्हणणार. गुगलने दिलेल्या वेळेच्या दीडपट वेळ धरा.

माझा हिशेब असा. हातात चार-पाच रात्री असतील तर राजधानी रेक्याविक, गोल्डन सर्कल आणि विकपर्यंतचा दक्षिण किनारा. सहा-सात रात्री असतील तर त्याच वाटेने पुढे योकुल्सारलोनच्या हिमसरोवरापर्यंत जाऊन परत. प्रदक्षिणा नऊ रात्री असतील तरच, आणि दहा असतील तर उत्तम. यातल्या प्रत्येक हिशेबात एक रात्र अशी ठेवा की ज्या दिवशी काहीही ठरवलेलं नाही. ती पहिल्या किंवा शेवटच्या दिवशी नको, मध्यावर हवी. पाऊस-वाऱ्याने अडवलं तर ती कामी येते आणि नाही अडवलं तर आवडलेल्या जागी आणखी एक दिवस मिळतो.

गोल्डन सर्कलचा फेरा रेक्याविकहून साधारण अडीचशे किलोमीटरचा, एका दिवसाचा. थिंगवेट्लिरला इसवी सन ९३० मध्ये आइसलँडची संसद, आल्थिंग, उघड्यावर भरायला लागली. उत्तर अमेरिका आणि युरेशिया हे दोन भूपट्ट जिथे एकमेकांपासून लांब सरकताहेत त्या भेगेतून तुम्ही तिथे पायी चालता. मग गेसिरचा परिसर. इंग्रजीतला गिझर हा शब्दच या जागेवरून आला. मूळ गेसिर हल्ली सहसा उडत नाही, शेजारचा स्ट्रोकुर मात्र दर पाच-दहा मिनिटांनी उकळत्या पाण्याचा खांब उडवतो. तिसरा गुल्फॉस धबधबा. ‘फॉस’ म्हणजे धबधबा, ‘योकुल’ म्हणजे हिमनदी, ‘विक’ म्हणजे खाडी. एवढे तीन शब्द पाठ केले की नकाशा निम्मा वाचता येतो. नकाशावर इंग्रजी पी-सारखं एक विचित्र अक्षर दिसेल, त्याचा उच्चार ‘थ’. थिंगवेट्लिर शोधताना आम्ही पी टाइप करून पंधरा मिनिटं घालवली.

दक्षिण किनाऱ्यावर सेल्यालँड्सफॉस आणि स्कोगाफॉस हे दोन्ही साधारण साठ मीटरचे धबधबे वाटेतच लागतात. पहिल्याच्या मागून चालत जाता येतं, रेनकोट घालूनच जा. पुढे रेय्निसफ्याराचा काळ्या वाळूचा किनारा आणि तिथले बेसॉल्टचे षट्कोनी खांब. आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, ते बघून अंधेरीची गिल्बर्ट हिल आठवली आणि त्या बरोबर होत्या. दोन्हीकडे लाव्हा थंड होताना आकसला आणि त्याचे खांब झाले. फरक वयाचा. आपलं दख्खनचं कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांचं, तर त्यांची जमीन अजून घडते आहे.

विकच्या पुढे स्काफ्ताफेट्लचा हिमनद्यांचा परिसर, योकुल्सारलोन आणि तिथेच रस्त्यापलीकडे काळ्या वाळूवर काचेसारखे बर्फाचे तुकडे पडलेला किनारा. रेक्याविकहून योकुल्सारलोन साधारण पावणेचारशे किलोमीटर आहे. एका दिवसात जाऊन-येऊन करणाऱ्या बस सहली मिळतात. वृद्ध माणसं बरोबर असतील तर त्या घेऊ नका, पंधरा तास बसमध्ये जातात.

उत्तरेकडे मीवात्न तळं, डेट्टिफॉस, हूसाविकचे देवमासे आणि आकुरेयरी शहर. मीवात्नचा अर्थच ‘चिलटांचं तळं’. उन्हाळ्यात डोक्यावरून घ्यायची जाळी जवळ ठेवा, चावत नाहीत फारशी पण नाकातोंडात जातात.

तिसरी पायरी: व्हिसा

आइसलँड युरोपीय संघात नाही, पण शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, त्यामुळे शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावा लागतो. ही कागदावरची मुदत झाली. उन्हाळ्यात व्हीएफएसच्या, म्हणजे व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या कंपनीच्या, अपॉइंटमेंट पटापट संपतात, त्यामुळे तीन महिने आधी हालचाल सुरू करा. शुल्क प्रौढांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५ युरो, त्याहून लहानांना नाही. व्हीएफएसचं सेवाशुल्क वेगळं.

एकापेक्षा जास्त देश करत असाल तर ज्या देशात सर्वांत जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज. रात्री सारख्याच असतील तर जिथे पहिल्यांदा शिरणार त्यांच्याकडे. कोपनहेगनला दोन रात्री आणि आइसलँडला सात, तर अर्ज आइसलँडचा.

पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन पानं कोरी. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा. बँकेची स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रं, पगारपत्रकं, ऑफिसचं रजेचं पत्र, विमानाचं आरक्षण, मुक्कामाची बुकिंग. यात लोक सर्वांत जास्त हयगय करतात ती कव्हर लेटरमध्ये. ते पानभरच असू दे, पण त्यात तारीख, त्या रात्रीचं गाव आणि हॉटेल असा तक्ता द्या आणि तो तक्ता बुकिंगशी तंतोतंत जुळू दे. एक रात्र कुठे आहे ते दिसलं नाही की प्रश्न येतो.

आईंच्या नावावर आयकर विवरणपत्र नव्हतं. मुलगा खर्च करणार असं पत्र, त्याची कागदपत्रं आणि नातं दाखवायला त्याच्या पासपोर्टावरचं आईचं नाव, एवढ्यावर काम झालं. बहुतेक बुकिंग ‘मोफत रद्द’ प्रकारातलीच करा. व्हिसा पासपोर्टवर चिकटेपर्यंत परत न मिळणारा एक रुपयाही भरू नका.

चौथी पायरी: विमान

भारतातून थेट विमान नाही. कोपनहेगन, फ्रँकफर्ट, हेलसिंकी, लंडन अशा कुठेतरी बदलावं लागतं आणि शेवटी केफ्लाविक विमानतळावर उतरायचं. तिथून रेक्याविक पन्नास किलोमीटर. शेंगेनमधल्या शहरात विमान बदललंत तर इमिग्रेशन तिथेच होतं, केफ्लाविकला नाही. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे, त्यामुळे रांगेला वेळ धरा. दोन विमानांत तीन तासांचं अंतर असेल तर जीव टांगणीला लागत नाही.

लंडनमार्गे स्वस्त तिकीट दिसलं तर थांबा. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही आणि भारतीय पासपोर्टवर विमानतळाबाहेर न पडतासुद्धा बहुतेकांना तिथला ट्रान्झिट व्हिसा लागतो. वाचलेले दहा हजार तिथे जातात. आणि दोन वेगळी तिकिटं जोडून प्रवास करणार असाल तर सामान मध्ये उचलून परत द्यावं लागतं आणि पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरं चुकलं तर त्याची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही.

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींना एक सोय आहे. आइसलँडएअरने अमेरिका ते युरोप जाताना आइसलँडमध्ये सात दिवसांपर्यंत थांबता येतं आणि त्याचं वेगळं विमानभाडं पडत नाही. ग्रीन कार्ड असलं तरी पासपोर्ट भारतीय असेल तर शेंगेन व्हिसा लागतोच, हे मात्र विसरू नका.

पाचवी पायरी: मुक्काम

विक, हप्न आणि मीवात्न या भागांत राहायच्या जागा मोजक्या आहेत. त्या आधी पकडा, रेक्याविक शेवटी. किचन असलेलं गेस्टहाऊस बघा, पैसे आणि पोट दोन्ही वाचतं. ‘सामायिक बाथरूम’ तिथे सर्रास असतं, बुक करताना नीट वाचा. कॅम्परव्हॅन घेणार असाल तर रस्त्याकडेला कुठेही रात्र काढायला परवानगी नाही, अधिकृत कॅम्पसाइटवरच लावावी लागते.

सहावी पायरी: गाडी, आणि तिचं दार

ज्याला गाडी चालवायची नाही त्याने रेक्याविकला राहून बसच्या सहली कराव्यात, त्यात कमीपणा नाही. हिवाळ्यात तर मी तेच सांगेन. बर्फाळ रस्त्यावर शिकायची ही जागा नव्हे.

चालवणार असाल तर आपला इंग्रजीतला परवाना आणि सोबत आरटीओकडून काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना घ्या. तो एक वर्ष चालतो. रस्त्याच्या उजवीकडून चालवायचं असतं. पहिल्या दिवशी शेजारी बसणाऱ्याने प्रत्येक वळणावर ‘उजवीकडे, उजवीकडे’ म्हणत राहायचं, लाज वाटून घ्यायची नाही. दिवे दिवसासुद्धा चालू. दोन पट्ट्यांच्या चौकातल्या गोल फेऱ्यात आतल्या पट्टीतून बाहेर पडणाऱ्याला अग्रक्रम असतो, ही तिथलीच खास रीत. एकपदरी पूल बरेच आहेत. जो पुलाच्या जवळ आहे तो आधी जातो, पण समोरचा वाट देईल असं गृहीत धरू नका. रस्त्याच्या एका बाजूला मेंढी आणि दुसऱ्या बाजूला तिचं पिल्लू दिसलं तर पिल्लू धावत रस्ता ओलांडणार म्हणून समजा.

क्रमांकाच्या आधी ‘एफ’ असलेले रस्ते डोंगरी, फक्त फोर-बाय-फोर गाडीसाठी. साधी गाडी तिथे नेली की विमा संपला. नदी ओलांडताना इंजिनात पाणी गेलं तर ते बहुतेक विम्यांत बसत नाही. आणि रस्ता सोडून शेवाळावर किंवा वाळूवर गाडी घालणं हा गुन्हा आहे, दंड जबर असतो. ते शेवाळ एकदा चाकाखाली गेलं की पूर्ववत व्हायला कित्येक दशकं लागतात.

विम्याच्या यादीत खडीचा विमा घ्याच, समोरच्या गाडीने उडवलेला खडा काचेला लागतोच. वाळू-राखेचा विमा दक्षिण किनाऱ्यावर, विशेषतः वाऱ्याच्या दिवसांत, उपयोगी. पण वाऱ्याने दार उलटं फिरून बिजागरं वाकली तर ते बहुतेक विम्यांत धरत नाहीत. गाडी ताब्यात देणाऱ्या मुलाने नवऱ्याला तीन वेळा दार उघडून दाखवलं: आधी गाडी वाऱ्याकडे तोंड करून लावायची, मग एका हाताने हँडल आणि दुसऱ्या हाताने खिडकीच्या वरची कड घट्ट धरायची आणि वीतभर उघडून वारा किती आहे ते बघायचं. आम्हाला तेव्हा हसू आलं. स्कोगाफॉसच्या पार्किंगमध्ये शेजारच्या गाडीचं दार टिनपाटासारखं वाजत पुढच्या पत्र्यावर आपटलं, तेव्हा हसू गेलं. तेव्हापासून आईंनासुद्धा दार स्वतः उघडायची मनाई होती, कुणीतरी बाहेरून धरायचं मगच त्या उतरायच्या.

गाडी घेताना चारी बाजूंचा, काचेचा आणि चाकांचा व्हिडिओ काढा. किलोमीटरमागे वेगळा आकार लागतो का, तेही करार करतानाच विचारून घ्या.

पंप बहुतेक स्वयंसेवेचे. कार्ड घालून पिन द्यायचा, म्हणून चार आकडी पिन असलेलं कार्ड हवं आणि निघण्याआधी बँकेच्या अॅपमध्ये परदेशातला वापर चालू केलेला हवा. ‘टाकी पूर्ण’ निवडलंत तर पंप आधी मोठी रक्कम अडकवून ठेवतो आणि नंतर सोडतो. फॉरेक्स कार्डवर मोजकेच पैसे असतील तर ठरावीक रक्कम निवडा. टाकी अर्धी झाली की भरा, पूर्वेकडे पंप लांब लांब आहेत.

पार्किंगला पहारेकरी नसतो. कॅमेरा गाडीचा नंबर टिपतो आणि पैसे तुम्ही यंत्रावर किंवा अॅपवर भरायचे. आकुरेयरीजवळच्या बोगद्याचा टोलही असाच ऑनलाइन. विसरलात तर गाडीवाली कंपनी दंडावर स्वतःचा आकार चढवून कार्डातून कापते.

पैसे

चलन क्रोना, एक क्रोना म्हणजे साधारण सत्तर पैशांच्या आसपास. रोख लागतच नाही, आम्ही एकही नोट पाहिली नाही. टीप देण्याची पद्धत नाही. साध्या जागी एक वाटी सूप आणि पाव अडीच ते साडेतीन हजार क्रोना. विमान, गाडी, मुक्काम, खाणं धरून आम्हा चौघांना नऊ दिवसांचे माणशी तीन लाखांच्या थोडे आत लागले, तेही निम्मी जेवणं स्वतः करून.

कपडे आणि डबा

छत्री घरी ठेवा. तिथे छत्री उघडणारा माणूस पर्यटक आहे हे लांबून कळतं आणि दोन मिनिटांत छत्रीच्या काड्या उरतात. अंगाला लागून लोकरीचे किंवा थर्मलचे कपडे, त्यावर फ्लीस, सगळ्यात वर वारा आणि पाणी दोन्ही अडवणारं जाकीट आणि तशीच पँट. जीन्स नको, भिजली की दिवसभर वाळत नाही. उन्हाळ्यात तापमान दहा-तेरा अंश, आपल्या महाबळेश्वरच्या थंडीइतकं. बोचतो तो वारा. बूट घोट्यापर्यंतचे, पाणी न शिरणारे आणि इथेच महिनाभर वापरून मऊ केलेले.

शाकाहारी माणसाचे हाल होतात असं ऐकून आम्ही गेलो होतो, तसं झालं नाही. बोनस आणि क्रोनान ही स्वस्त वाणसामानाची दुकानं. बोनस संध्याकाळी लवकर बंद होतं, एवढं लक्षात ठेवा. गोल्डन सर्कलच्या वाटेवर फ्रिदहेयमार नावाचं टोमॅटोचं हरितगृह आहे. वेलींच्या रांगांमध्ये टेबलं मांडलेली आणि टोमॅटोचं सूप नि ताजा पाव हवा तितका. आधी बुकिंग करा.

आणि स्कीर. डब्यावर काहीही लिहिलेलं असो, तो आपला चक्का आहे. आईंनी दुसऱ्याच दिवशी त्यात साखर आणि पर्समधली वेलची घातली आणि विकच्या त्या अडकलेल्या दुपारी आम्ही श्रीखंड खाल्लं. कडक शाकाहारी असाल तर घटक वाचा, काही प्रकारांत रेनेट, म्हणजे वासराच्या जठरातून काढलेलं विरजण, असतं. बरोबर मेतकूट, कुळथाचं पीठ, भाजणी, उपम्याचं तयार मिश्रण आणि दाण्याची चटणी न्या. मांसाचे आणि दुधाचे पदार्थ नेऊ नका, ते अडवतात.

नळाचं थंड पाणी प्यायला उत्तम, बाटल्या विकत घेणं म्हणजे पैसे टाकणं. गरम पाणी मात्र जमिनीतून येतं आणि त्याला गंधकाचा वास असतो. पहिल्या सकाळी आईंनी बाथरूममधून हाक मारली, ‘अगं, इथे कुणी अंडी उकडली आहेत का?’ चहाचं आधण नेहमी थंड नळाच्या पाण्याचं, तेही नळ थोडा वेळ वाहू देऊन.

रोज सकाळची तीन खिडक्यांची सवय

निघण्याआधी मोबाइलवर तीन साइट उघडायच्या. हवामानासाठी वेदूर डॉट आयएस (vedur.is), रस्त्यांसाठी उमफेर्दिन डॉट आयएस (umferdin.is), सूचनांसाठी सेफट्रॅव्हल डॉट आयएस (safetravel.is). वाऱ्याचा आकडा मीटर प्रतिसेकंदात असतो, त्याला ३.६ने गुणलं की ताशी किलोमीटर. पंधराच्या पुढे सावध, वीसच्या पुढे, म्हणजे ताशी सत्तरच्या वर, उंच गाडी काढायची नाही. पिवळा इशारा म्हणजे विचार करा, नारिंगी म्हणजे थांबा, लाल म्हणजे दाराबाहेर पडू नका. डोंगराच्या पायथ्याशी झोताचा वेग सरासरीपेक्षा खूप जास्त असतो, म्हणून झोताचा आकडाही बघा.

आणीबाणीचा क्रमांक ११२. त्याचं अॅप घेऊन ठेवा, एक बटण दाबलं की तुमचं ठिकाण त्यांना कळतं.

लाट, बर्फ आणि लाव्हा

रेय्निसफ्याराला लोक मेले आहेत आणि त्यातले बरेच किनाऱ्यावर उभे राहून फोटो काढत होते. सात-आठ लाटा शांत येतात आणि मग एक लाट तीस-चाळीस पावलं आत शिरून माणसाला ओढते. पार्किंगपासून जाताना इशाऱ्याचा दिवा आहे, तो लाल असेल तर वाळूवर उतरायचं नाही. समुद्राकडे पाठ करायची नाही, मुलांचा हात सोडायचा नाही. गणपतीपुळ्याच्या समुद्राचा अनुभव इथे चालत नाही.

हिमनदीवर किंवा बर्फाच्या गुहेत वाटाड्याशिवाय पाऊल टाकू नका. नैसर्गिक निळ्या गुहांचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च. ऑगस्ट २०२४ मध्ये ब्रेइदामेर्कुर हिमनदीत बर्फ कोसळून एक पर्यटक दगावला, वाटाड्या बरोबर असूनही. म्हणून उन्हाळ्यात गुहेचा हट्ट नको.

ज्वालामुखीची भीती सगळ्यांना वाटते, कारण २०१० मधल्या एयाफ्यात्लायोकुलच्या राखेने युरोपातली विमानं बसवली होती. तो उद्रेक बर्फाखाली झाला, म्हणून इतकी राख. डिसेंबर २०२३ पासून रेक्यानेस भागात भेगांमधून जे उद्रेक होत आले त्यांत लाव्हा वाहतो, राख कमी असते. ग्रिंडाविक गाव नोव्हेंबर २०२३ मध्ये रिकामं करावं लागलं आणि जवळचं ब्लू लगून, म्हणजे गरम पाण्याचं प्रसिद्ध कुंड, अनेकदा बंद झालं, पण केफ्लाविकची विमानं चालू राहिली. त्या भागातलं बुकिंग करा, पण पर्याय हाताशी ठेवून.

अरोरा दिसेल का

हमी कुणीच देऊ शकत नाही. वेदूरच्या साइटवर ढगांचा नकाशा असतो, त्यात पांढरा भाग म्हणजे निरभ्र, हिरवा म्हणजे ढग. लोक नेमकं उलटं समजून हिरव्याच्या मागे गाडी पळवतात. गावाच्या दिव्यांपासून लांब, पार्किंगच्या जागेत गाडी लावा, रस्त्यावर नाही. आणि खरं सांगायचं तर फोनमध्ये तो हिरवागार दिसतो, डोळ्यांना अनेकदा राखाडी धुरासारखाच. आम्हाला दोनदा दिसला. पहिल्यांदा ढग समजून आम्ही अर्धा तास फुकट घालवला.

शेवटचा दिवस

परतीचं विमान सकाळचं असेल तर आदल्या रात्री केफ्लाविकजवळ राहा. दुपारचं असेल तर ब्लू लगून वाटेत जमतं, विमानतळापासून वीस मिनिटं. वेळेचं बुकिंग आधीच करावं लागतं. स्वस्तात हवं तर कुठल्याही गावाचा सार्वजनिक तलाव बघा. तिथे अडतीस-चाळीस अंशांच्या गरम कुंडांत गावातली माणसं गप्पा मारत बसलेली असतात. पाण्यात उतरण्याआधी अंगावर एकही कपडा न ठेवता साबणाने अंघोळ करावी लागते, ही सक्ती आहे. बऱ्याच ठिकाणी पडद्याची एखादी जागा असते, विचारा. आईंनी पहिल्या दिवशी साफ नकार दिला, तिसऱ्या दिवशी सर्वांत शेवटी बाहेर आल्या.

लगूनमध्ये उतरण्याआधी केसांना भरपूर कंडिशनर लावा, तिथल्या पाण्यातल्या सिलिकाने केसांची काथ्यासारखी गत होते. आणि चांदीचं काही अंगावर ठेवू नका. सोन्याला काही होत नाही, पण गंधकाने माझी जोडवी कोळशासारखी काळी झाली. घरी आल्यावर भांड्यात अॅल्युमिनियमची फॉइल पसरली, त्यावर जोडवी, चमचाभर खायचा सोडा आणि उकळतं पाणी. पाच मिनिटांत पुन्हा पांढरी.